मधुमेह आणि आपले ताट



कामगार संघटनेच्या माणसाने पगार, बोनस आणि महागाई ह्यांवर बोलावे अशी रीत आहे. आज मी जेवणावर बोलणार आहे. तरी मी विषय सोडला असे कुणी समजू नये. मजुरीचा शेवट अखेर ताटातच होतो. आठवड्याची मजुरी घरी येते, तिचे धान्य होते, धान्याचे जेवण होते आणि जेवणाचे दुसऱ्या दिवशीचे श्रम होतात. ह्या साखळीतील एक कडी आमच्या भागात झिजू लागली आहे. ती झिजवणाऱ्या रोगाचे नाव मधुमेह.

मी डॉक्टर नव्हे. रात्रीच्या शाळेपलीकडे माझे शिक्षण झालेले नाही. परंतु हा आजार काही वर्षे माझ्या घरात, म्हणजे माझ्याच अंगात, राहावयास आला आहे. घरात पाहुणा राहिला म्हणजे त्याच्या सवयी आपणांस कळतातच. जे वाचले, डॉक्टरांना विचारून पक्के केले आणि स्वयंपाकघरात तराजूवर तोलून पाहिले, तेवढेच आपणांपुढे ठेवतो. हे विवेचन दुसऱ्या प्रकारच्या, म्हणजे बहुधा मोठेपणी जडणाऱ्या, मधुमेहापुरते आहे. पहिल्या प्रकारात शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही; त्याची गोष्ट वेगळी.

आधी रोगाचा विस्तार पाहू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. सर्वांत अधिक प्रमाण आपल्या शेजारच्या गोव्यात, शेकडा २६.४ निघाले. त्याच पाहणीतील आहाराचा भाग २०२५ साली प्रसिद्ध झाला. भारतीय माणूस आपल्या अन्नातील शेकडा ६२ भाग ऊर्जा कर्बोदकांतून, म्हणजे तांदूळ, गहू, साखर अशा पिष्टमय व गोड पदार्थांतून घेतो, असे त्यात दिसून आले. आकडे देशाचे असले तरी त्यांतील माणसे आपल्या ओळखीची आहेत.

जोहे, हमरापूर ही आपल्या पेण तालुक्यातील गावे गणपतीच्या मूर्तींसाठी प्रसिद्ध आहेत. तेथील कारखान्यात जाऊन बसा. साच्यातून निघालेल्या कच्च्या मूर्ती रांगेने उभ्या असतात. मग घासकाम, रंगकाम आणि शेवटी डोळ्यांची आखणी. चवथ जवळ आली की दिवसाला रात्र जोडली जाते. काम नाजूक आहे, कौशल्याचे आहे, पण पुष्कळसे बैठे आहे. हात चालतो, मान वाकते, पाय मात्र मुडपलेले राहतात. ह्याच माणसांचे आजे-पणजे खारेपाटात बांध घालीत, गुडघाभर चिखलात लावणी करीत, मिठागरात मिठाच्या पाट्या वाहत. त्यांच्या ताटात भाताचा डोंगर असे, आणि संध्याकाळपर्यंत तो अंगात जिरून जाई. आज ते श्रम गेले, डोंगर राहिला.

येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. मधुमेह हा शेठजींचा, पोट सुटलेल्यांचा रोग आहे, काटक्यासारख्या मजुराला तो कसा होणार, असे अजूनही ऐकू येते. ह्याचे उत्तर पुण्यातूनच मिळाले आहे. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक ह्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गर्भवती स्त्रियांचा व पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास चालविला. तेथील अर्भकांचे सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधील अर्भकांचे ३.५ किलो. बाळे लहान होती. पण ती स्नायूंनी लहान होती, चरबीने तितकी नव्हती. २००४ साली डॉ. याज्ञिकांनी ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकात आपले आणि आपले इंग्रज सहकारी जॉन युडकिन ह्यांचे एकत्र छायाचित्र छापले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे होते. परंतु युडकिन ह्यांच्या अंगात चरबी शेकडा ९.१, आणि आपल्या डॉक्टरांच्या अंगात शेकडा २१.२! वरून सडपातळ दिसणारा आपला माणूस आतून सडपातळ असेलच असे नाही. म्हणून आरशात पाहून निश्चिंत राहू नये. रक्त तपासून घ्यावे.

आता रोगाचे काम कसे चालते ते पाहू. प्रौढ माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असते. निरोगी माणसाच्या रक्तात उपाशीपोटी दर शंभर मिलिलिटरला शंभर मिलिग्रॅमच्या आत साखर असते. हिशेब करा: साऱ्या रक्तात मिळून पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. हाच आकडा १२६ वा त्याच्या वर गेला आणि पुन्हा तपासूनही तसाच आला, म्हणजे डॉक्टर मधुमेह म्हणतात. १२६ म्हणजे साऱ्या रक्तात सव्वा चमचा. एक चमचा निरोगी आणि सव्वा चमचा रोगी! शरीराचा कारभार इतका काटेकोर आहे.

आता ताटात पाहू. शिजलेल्या भातात शेकडा २८ भाग कर्बोदके असतात. पोटभर भात खाणारा गडी दुपारी चारशे ग्रॅम भात सहज खातो. त्यात ११२ ग्रॅम कर्बोदके होतात. ती पचून त्यांची साखर होते आणि ती रक्तात येते. चमच्यांच्या हिशेबात बावीस चमचे! ज्या रक्तात एकच चमचा साखर असावयाची, त्याच्या दारात दोन-तीन तासांत बावीस चमचे साखर येऊन उभी राहते.

गिरणीचे फाटक डोळ्यांसमोर आणा. भोंगा झाला, पाळीचे हजार कामगार फाटकावर आले. पहारेकरी चलाख असेल आणि फाटके चार उघडी असतील, तर पाच मिनिटांत सारे आत. पहारेकरी म्हणजे स्वादुपिंडातून येणारे इन्सुलिन. फाटके म्हणजे यकृत आणि स्नायू. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात फाटके गंजलेली असतात आणि पहारेकरीही हळूहळू थकत जातो. मग गर्दी रस्त्यावरच तुंबते. रक्तात तुंबलेली ही साखर वर्षानुवर्षे डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंड, पायांच्या नसा आणि हृदयाच्या वाहिन्या बिघडवीत राहते. दुखत मात्र काही नाही, आणि ह्या रोगाचा कावा तोच आहे. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणाऱ्या कारागिराची नजर गेली तर त्याच्या हातात काय उरले?

ह्या गर्दीवर उपाय तीन. पहारेकऱ्याला मदत द्यावी. ते काम औषधाचे. फाटके उघडावीत, ते काम चालण्याचे, कारण हालचाल करणारे स्नायू इन्सुलिनच्या मदतीवाचूनही साखर ओढून घेतात, आणि जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालल्याचा गुण लागलीच दिसतो. तिसरा उपाय म्हणजे एका भोंग्याला हजार माणसे बोलवूच नयेत. आजचा विषय हा तिसरा उपाय आहे.

पथ्याचा विचार नवा नाही. चरकाने प्रमेहाच्या रोग्याला जव हे मुख्य अन्न सांगितले आहे. १९२१ साली कॅनडातील टोरांटो शहरी बँटिंग आणि बेस्ट ह्यांनी इन्सुलिन हाती आणले. तोपर्यंत जगभर डॉक्टरांच्या हाती आहार उतरविण्यावाचून फारसे दुसरे साधनच नव्हते. नवीन आहे ते मोजमाप. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांची कोष्टके प्रसिद्ध केली. त्यांतले आकडे ऐकून ठेवण्यासारखे आहेत. चोथा वगळून शंभर ग्रॅममध्ये कर्बोदके अशी: तांदूळ ७८, पोहे ७७, ज्वारी ६८, नाचणी ६७, गव्हाची कणीक ६४, बाजरी ६२. मूगडाळ ५३, हरभरा ४०, शेंगदाणे १७. मासळीत जवळजवळ शून्य, अंड्यात नाममात्र, पालेभाज्यांत फारच थोडी.

ही यादी नीट पाहिली म्हणजे एक लोकप्रिय समजूत गळून पडते. “डॉक्टरांनी भात बंद केला, आता मी भाकरीच खातो,” असे सांगून तीन भाकऱ्या मोडणारे पुष्कळ भेटतात. साठ ग्रॅम तांदळाच्या पिठाच्या भाकरीत ४७ ग्रॅम कर्बोदके, तितक्याच ज्वारीच्या भाकरीत ४१. ज्वारी-नाचणीत चोथा तांदळाच्या तिपटीहून अधिक असतो, ती सावकाश खाल्ली जाते, पोट लवकर भरते. हे तिचे गुण खरे. पण म्हणून ती मोजण्यातून सुटत नाही. धान्य बदलल्याने थोडा फरक पडतो. माप बदलल्याने मोठा.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. आपल्या भाषेत एक शब्द आहे: तोंडी लावणे. भाजी, मासळी, उसळ, चटणी हे सारे आपण ‘तोंडी लावणे’ ह्या एका सदरात घालतो. म्हणजे जेवण ते भात; बाकीचे भात घशाखाली उतरावा म्हणून. मासळीचा तुकडा केवढा? भाताच्या डोंगराला पुरेल एवढा. वाल किती? भाताला ओल यावी इतके. ही केवळ बोलण्याची पद्धत नव्हे, ती ताटाची घटना आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की मधुमेह झालेल्या माणसाने ही घटना उलटी करावी. मासळी, कडधान्य, भाजी हे जेवण समजावे आणि भात तोंडी लावावा.

हे बोलणे सोपे आहे, पण मी ते हलक्या मनाने बोलत नाही. ह्या जिल्ह्याला भात म्हणजे काय हे मला ठाऊक आहे. १९३३ साली अलिबाग तालुक्यातील चरी गावी नारायण नागू पाटील ह्यांच्या पुढारीपणाखाली कुळांनी खोतांविरुद्ध संप पुकारला, तो १९३९ पर्यंत चालला. आपण पिकविलेल्या भाताचा न्याय्य वाटा आपल्याला मिळावा म्हणून कुळांनी वर्षानुवर्षे जमिनी पडीक ठेवल्या, जंगलातल्या मोळ्या विकल्या, खाडीवर पोट भरले, पण नांगर धरला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, त्यामागे ह्या कोकणच्या कुळांचे हाल होते. ज्यांच्या घरात पोटभर भात हा लढून मिळविलेला हक्क आहे, त्यांना “भात कमी करा” असे सांगणे म्हणजे दुखऱ्या जागेवर बोट ठेवणे आहे. परंतु विचार करा. ती माणसे भातासाठी लढली, ती जगण्यासाठी लढली. आज जगण्यासाठी त्याच भाताचे माप ठरवावयाचे असेल, तर त्यात त्यांचा अपमान नाही.

मग घरोघरी विचारला जाणारा प्रश्न येतो: काढलेल्या भाताच्या जागी ठेवायचे काय? हाच प्रश्न खरा. ताटातला डोंगर निम्मा केला आणि ती जागा रिकामीच ठेवली, तर आठ दिवसांत माणूस उपाशी राहून पुन्हा डोंगराकडे वळतो. परदेशी भाज्या आणि बदामाचे पीठ घेण्याइतकी मजुरी आपल्याला मिळत नाही. परंतु ह्या बाबतीत खारेपाट दरिद्री नाही. भाताचे पीक निघाले की त्याच जमिनीच्या ओलाव्यावर आपले वाल होतात. थंडीत मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून पोपटी लावतो, ते हेच वाल. कडधान्यात कर्बोदके असतात, पण प्रथिने आणि चोथाही भरपूर असल्याने ती रक्तात सावकाश उतरतात. खाडीतली कोलंबी, मांदेली, बोंबील, तळ्यातला जिताडा, आणि जिताड्याची ऐपत नसेल त्या दिवशी मूठभर सुकट: ह्यांत कर्बोदके जवळजवळ नाहीत. सुक्या मासळीत मीठ फार असते, म्हणून ती दोन-तीन पाण्यांतून काढावी. रक्तदाब असलेल्याने तर बेतानेच खावी. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, भारंगी फुकट उगवतात. शेवगा कुंपणाला असतो. एक अंडे, मूठभर शेंगदाणे, वाटीभर ताक: ही आपली भूक भागविणारी माणसे.

आता दोन दिवसांचा जमाखर्च मांडतो. कारखान्यात बसणाऱ्या एका गड्याचा जुना दिवस समजा असा: सकाळी साठ ग्रॅम पोह्यांचे कांदेपोहे, ४६, दिवसभरात चार चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर, ४०, दुपारी चारशे ग्रॅम भात, ११२, रात्री तांदळाच्या दोन भाकऱ्या, ९४, आणि वर दोनशे ग्रॅम भात, ५६. एकूण सुमारे ३५० ग्रॅम कर्बोदके. ह्यात आमटी, बिस्किटे, केळे धरलेले नाही.

नवा दिवस असा: सकाळी चाळीस ग्रॅम मूगडाळीची धिरडी, २१, दोन बिनसाखरेचे चहा, दुधाचे ५, दुपारी वालाची वाटीभर उसळ, सुमारे २५, मासळीचे कालवण, भाजी ८, ताक ५, आणि शेवटी दीडशे ग्रॅम, म्हणजे एक वाटी, भात, ४२, रात्री ज्वारीची वा नाचणीची एक भाकरी, ४०, भाजी ८, थोडे वरण १३, एक अंडे, मधल्या वेळेस मूठभर शेंगदाणे, ५. बेरीज १७२. जेवण जवळजवळ निम्म्या कर्बोदकांवर आले आणि घरात एकही अनोळखी पदार्थ आला नाही. हे माप सर्वांना सारखे असे मात्र नव्हे. गोणी वाहणाऱ्या हमालाचे वेगळे, बैठ्या कामगाराचे वेगळे, वृद्धाचे वेगळे. जेवणाच्या आधी आणि दोन तासांनी रक्त तपासून पाहिले, म्हणजे आपले माप आपले रक्तच सांगते.

वाढण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. भाजी, उसळ, मासळी आधी खावी आणि भात शेवटी. तेच जेवण ह्या क्रमाने केले तर साखर कमी उसळते, असे प्रयोगांत आढळले आहे. भात शेवटी आला म्हणजे तो आपोआप थोडाही लागतो.

काही फसवणुकींची नावे घेऊन ठेवतो. गूळ ही साखरेची बहीण आहे. रंगावर जाऊ नये. ‘शुगर फ्री’ छापलेल्या बिस्किटांत साखर नसली तरी मैदा असतोच. उपासाचा साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. मधुमेह्याने त्याची खिचडी खाऊन उपास करणे म्हणजे देवालाही नको आणि देहालाही नको. त्यापेक्षा दही, शेंगदाणे, काकडी बरी. जांभळाच्या बियांची पूड, कारल्याचा रस घेऊन कुणी औषध बंद करू नये. पेज पातळ दिसते म्हणून हलकी समजू नये. ती साखर लवकर चढविते. आणि आंबा! वैशाखात व्याख्यान देऊन आंब्याचे नाव न घेणे हा भ्याडपणा होईल. आंब्याच्या गरात शेकडा पंधराच्या आसपास कर्बोदके असतात. साखर ताब्यात असेल तर दोन फोडी खाव्यात, पण भाताच्या ऐवजी, भाताच्या नंतर नव्हे. आमरसाची वाटी, वर चार पुऱ्या आणि शेवटी भात, हा कार्यक्रम मात्र संपला असे समजावे.

महाराष्ट्रात डॉ. श्रीकांत जिचकार आणि त्यांच्यामागून डॉ. जगन्नाथ दीक्षित ह्यांनी दोनदाच जेवण्याचा विचार गावोगाव नेला. सारखे काहीतरी तोंडात टाकण्याची पुष्कळांची सवय त्याने मोडली, हे चांगले झाले. परंतु दोनदा जेवणाऱ्यापुढेही त्या दोन ताटांत काय वाढावे हा प्रश्न उरतोच. इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही आठवडे एकूण आहारच फार उतरवून वजन घटविलेल्या रोग्यांपैकी शेकडा ४६ जणांचा मधुमेह वर्षअखेर औषधाविना आटोक्यात होता. म्हणजे हा रोग अगदी हटवादी नाही; विशेषतः नवा असताना तो मागे सरतो. मात्र मागे सरला म्हणजे गेला असे नव्हे. डोंगर परत आला की तोही परत येतो.

आता धोक्याची सूचना. माझे व्याख्यान ऐकून उद्या कुणी एकदम भात बंद करू नये. जे इन्सुलिन टोचून घेतात, किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेतात, त्यांनी औषधाचे माप न बदलता ताटातली कर्बोदके निम्मी केली तर साखर एकाएकी खाली जाते. घाम फुटतो, हात थरथरतात, भान सुटते. त्या वेळी ताबडतोब तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी. ज्या गोळ्यांच्या नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ येते त्या घेणाऱ्यांनी फार कमी कर्बोदकांचा आहार केल्यास रक्तात आम्ल साचण्याचे वेगळेच संकट ओढवू शकते. मूत्रपिंड बिघडलेल्यांना प्रथिनांचे माप डॉक्टरांनी ठरवून द्यावे लागते. गर्भवतींनाही सल्ल्यावाचून हा मार्ग नाही. तेव्हा आधी डॉक्टर, मग ताट. आणि बदल आठवड्या-आठवड्याने.

एवढे सांगून मी खाली बसलो असतो, तर हे व्याख्यान कुठल्याही शहाण्या गृहस्थाने दिले असते. संघटनेच्या माणसाला आणखी तीन गोष्टी सांगणे भाग आहे.

पहिली गोष्ट शिधापत्रिकेची. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना पाच किलो धान्य मिळते, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. ह्या कायद्याने भुकेला बांध घातला. त्याचे मोल मी कमी करीत नाही. पण ते धान्य बहुतेक तांदूळ आणि गहू असते. म्हणजे गरिबाच्या ताटात पिष्ट फुकट येते. प्रथिने मात्र त्याला बाजारभावाने विकत घ्यावी लागतात. मजुरी तुटपुंजी असली की माणूस फुकट मिळते त्याने पोट भरतो, आणि मग आपण त्याला पथ्य पाळीत नाही म्हणून दोष देतो. ज्वारी-नाचणी ह्यांची तरतूद त्याच कायद्यात आहे. ती प्रत्यक्षात दुकानात यावी आणि तिच्याबरोबर डाळ यावी, ही आपली मागणी असली पाहिजे.

दुसरी गोष्ट कारखान्याची. १९४८ च्या कारखाना कायद्यात अडीचशेहून अधिक कामगार असतील तेथे उपाहारगृहाची तरतूद होती. मूर्तींच्या छोट्या कारखान्यांना ती लागू होत नव्हती. पण चहाची किटली तर प्रत्येक ठिकाणी येते! साखर घातलेली एक आणि बिनसाखरेची एक, अशा दोन किटल्या मागवण्यास कायदा लागत नाही. दुपारी जेवणानंतर दहा मिनिटे अंगणात फिरण्यास मालकाचे काही जात नाही. उलट संध्याकाळी हात स्थिर राहतो. तीस वर्षांवरील स्त्री-पुरुषांची मधुमेहासाठी तपासणी करण्याचा सरकारी कार्यक्रम आहे. जो कामगार नगावर मजुरी घेतो, त्याला तपासणीचा अर्धा दिवस म्हणजे अर्ध्या दिवसाची मजुरी गमावणे वाटते, म्हणून तो जात नाही. आरोग्यसेविकेला चवथीच्या घाईपूर्वी कारखान्यातच बोलावून सर्वांची एकदम तपासणी करून घ्यावी, हा त्यावरचा साधा उपाय आहे.

तिसरी गोष्ट घरातली, आणि ती पुरुषांनी ऐकावी. आपल्या घरात वाढणारी शेवटी जेवते. मासळीचे तुकडे आधी पुरुषांच्या आणि मुलांच्या ताटात जातात. तिच्या वाट्याला तळाचा रस आणि उरलेला भात. म्हणजे ‘तोंडी लावणे’ सुद्धा तिला पुरते मिळत नाही. तिचे सारे जेवणच भात. तीच बाई दिवसभर कारखान्यात रंगकाम करते आणि परत येऊन चूल पेटवते. तिला मधुमेह झाला की “तू भात कमी कर” असे सांगून आपण मोकळे होतो. तिच्या ताटातला भात कमी करण्याचा अधिकार त्यालाच आहे, ज्याने आपल्या ताटातला मासळीचा तुकडा आधी तिच्या ताटात ठेवला. सर्वांनी एकदम बसावे आणि सर्वांना सारखे वाढावे. वाटणीचा न्याय आम्ही मालकाकडे मागतो. तो घरी द्यावयास शिकलो तर मागण्याला जोर येईल.

सारांश एवढाच. भात आपला शत्रू नाही. तो ह्या मातीचा आणि ह्या माणसांच्या लढ्याचा आहे. पण मधुमेह झालेल्या देहात त्याला यजमानाचे आसन देता येत नाही, पाहुण्याचे द्यावे लागते. वाटीने मोजून, शेवटी, आणि मानाने. त्याची मोकळी झालेली जागा वाल, मासळी, अंडी आणि भाजी ह्यांनी भरली पाहिजे, आणि ती भरता येईल इतकी मजुरी, तसा शिधा आणि तशी वाटणी मिळवणे हे एकट्या रोग्याचे काम नसून आपणां सर्वांचे आहे.